नॉर्मल गटातला प्रभंजन

तो आकडा प्रभंजन लिहिणारच नव्हता. पेन टेकवलं, उचललं, टोपण लावलं आणि मशीनमधून निघालेल्या कागदाच्या पट्टीकडे बघत बसला. मग टोपण काढून लिहिला.

प्लेट अजून टेबलावरच होती. तळहाताएवढं प्लास्टिक, त्यात इवल्या इवल्या वाट्या. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, ते प्रत्येक वाटीत एकेका माणसाचं, थेंबभर. पेशी एकमेकींना ज्या प्रथिनानं धरून राहतात, ते रक्तात किती उतरलंय हे बघायचं. जितकं जास्त, तितका रंग गडद. मधुमेहाच्या पेशंटांच्या वाट्या हळदीच्या रंगावर गेलेल्या. नॉर्मल लोकांच्या फिकट, लिंबू सरबतासारख्या. आणि त्या फिकट रांगेत एकच वाटी गडद, पेशंटांनाही मागं टाकणारी.

ती वाटी त्याचीच होती.

आदल्या दिवशी त्याला वाटलं, प्लेट धुताना आपलाच हात चुकला. म्हणून आज पुन्हा लावली. पुन्हा तेच.

लॅबमध्ये नॉर्मल रक्त लागलं की बाहेर कोण शोधणार? जो समोर असेल त्याची बाही वर. प्रभंजन कायम समोर असायचा. पीएचडीची पोरं सिरिंज घेऊनच यायची, "अण्णा, जरा हात द्या की." तो द्यायचा. साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, जे काढाल ते बरोबर मधोमध. बाकी कशात त्याचा नंबर लागला नव्हता. बीएस्सी सेकंड क्लास, नोकरी टेंपररी, सप्तापुरात भाड्याची खोली. पण नॉर्मल म्हणाल तर तो पहिला. त्याची आई वेणूबाई तर मुलीकडच्या लोकांना सांगायची, "आमच्या पोराचं रक्त नमुना म्हणून वापरतात हो." तो वरवर लाजायचा. आतून बरं वाटायचं.

हेमावती मॅडम आल्या. संशोधन त्यांचं. पट्टी डोळ्यांजवळ धरून त्यांनी कानडीत विचारलं, "हे कुणाचं?"

"नावं नाहीत मॅडम, नुसते कोड."

"पुन्हा लावून बघितलंस?"

"बघितलं. तेवढंच येतंय."

मॅडम खुर्चीवर बसल्या. "मग लिहून ठेव, पण नॉर्मलमध्ये धरू नको. आणि हे बघ, एवढ्यावरनं कुठला रोग ते कळत नाही. पण आत काहीतरी चाललंय. त्या माणसाला सांग, डॉक्टरला दाखव म्हणावं. उशीर नको. ओळखतोस ना त्याला?"

"थोडाफार," प्रभंजन म्हणाला.

संध्याकाळी तो वसंताच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. वसंता शाळेपासूनचा दोस्त. नॉर्मल रक्त कमी पडलं तेव्हा प्रभंजननं त्यालाही ओढून नेलं होतं.

"काय रे, निघालं का माझ्या रक्तात काही? का नुसता चहाच?"

"तुझं चांगलं आहे."

"मग तोंड का असं पाडलंयस? पैज लावलेलीस का?"

प्रभंजननं स्टूल ओढलं आणि सांगून टाकलं. वसंतानं मशीन बंद केलं. गिऱ्हाईक आलं, त्याला "आमेले बा", नंतर ये, म्हणून परत पाठवलं.

"संध्याकाळचा ताप येतो म्हणालेलास."

"उन्हाचा असेल."

"डिसेंबरात?"

प्रभंजननं घसरलेली पँट वर ओढली.

"पँट बघ तुझी. पट्टा नसता तर इथंच राहिली असती. मला आपलं वाटलं, लग्नासाठी बारीक होतोय गडी."

"रविवारी बेळगावचे लोक येणारेत बघायला. तेवढं होऊ दे. मग बघू."

"आणि पसंत पडलास तर? लग्नानंतर सांगणार त्या पोरीला?"

"तसं नाही रे. सिव्हिलच्या लॅबमधला गोपाळ ओळखीचा आहे. गुपचूप जाऊन त्याच्याकडनं करून घेतो."

"तेच की. तू जाणार, आत शिरून गोपाळच्या स्टुलावर बसणार, त्याचाच चहा पिणार, त्यालाच पिपेट कसं धरायचं ते शिकवणार आणि परत येणार. दात दुखत होता तेव्हा काय केलंस? डॉक्टरच्या मशीनची वायर जोडून आलास. दात तसाच."

प्रभंजनला हसू आलं, मग खोकला आला. खोकला थांबेपर्यंत वसंता त्याच्याकडे बघत राहिला.

"वेणूकाकूंशी मी बोलतो," वसंता म्हणाला, आता जरा हळू. "बेळगावच्यांना पुढं ढकलायला सांगतो. कारण काढतो काहीतरी. तू फक्त जा."

"खोटं नको सांगू. तब्येत बरी नाही म्हण."

"बरं. म्हणतो. पण जाणार का?"

"उद्या सकाळी जातो."

"कसा जाणार ते सांग आधी."

प्रभंजननं काउंटरवरचे कागद सरळ केले.

"केसपेपर काढतो. आत जात नाही. बाहेर बाकावर बसतो, सगळ्यांच्या मागं. नाव पुकारलं की उठतो."

"आणि गोपाळनं बघितलं तर? विचारलं, काय काम काढलंस म्हणून?"

"सांगतो त्याला," प्रभंजन म्हणाला, "पेशंट आहे म्हणून. शब्द दिला तुला."