उतू न गेलेलं दूध

दूध उतू जाण्याआधी सायीच्या कडेला, भांड्याला लागून, बारीक बुडबुड्यांची माळ धरते. माळ पुरी जुळली की साय मधोमध उचलली जाते आणि पाहता पाहता दूध काठावर येतं. पडद्यावर कॅमेरा त्या माळेवर बराच वेळ थांबला होता. तिबेटातला एक काळा लोकरी तंबू, आत तीन दगडांची चूल, चुलीवर दुधाचं पातेलं. घरची सून तंबूच्या दाराशी मोबाइलला रेंज शोधत उभी होती.

दूध उतू गेलं, निखाऱ्यांवर पडून चर्र झालं. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी नकळत हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "छान झालं."

पडद्यावरची म्हातारी सासू मात्र घाबरून उठली. तिने निखाऱ्यांवर सुवासिक डहाळ्या टाकल्या, आपल्या बाहीने तिन्ही दगड पुसले आणि त्या दिवशी जेवली नाही. खाली इंग्रजीत अक्षरं आली: करपल्या दुधाच्या वासाने चुलीचा देव रागावतो, मग घरात आजारपण येतं. आईंनी जोडलेले हात सोडले.

"अगं ऋता, हे तर उलटंच की."

सिनेमाची तिकिटं मला लॅबमधल्या मैत्रिणीने दिली होती. माझ्या नवऱ्याला, अनीशला, ऑफिसचं काम होतं, लेकीला, श्रियाला, पोहायला जायचं होतं, म्हणून मी आईंना घेऊन आले. त्या कंटाळतील असं वाटलं होतं. सुरुवातीला मी त्यांच्या कानात भाषांतर करत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, नवरा-बायको काय बोलतात ते सांग, सासूचं मला कळतंय.

गोष्ट साधी होती. मुलाला जनावरं विकून खाली गावात, सरकारने बांधलेल्या घरांत जायचं होतं, पोरीला शाळेत घालायचं होतं. म्हातारीला कुरण सोडायचं नव्हतं. शेवटी ट्रक येतो, म्हातारीला पुढे ड्रायव्हरजवळ बसवतात. तंबू ट्रकमध्ये जातो, तीन दगड तिथेच राहतात.

आमच्याकडेही एक ट्रक येऊन थांबलेला होता, असं म्हणायला हरकत नाही. सासरे गेल्यावर अनीशने आईंना सांगलीहून इथे परदेशी आमच्याकडे आणलं त्याला दोन वर्षं होत आली. त्यांचा इथे राहण्याचा सरकारी पास पुढच्या महिन्यात संपणार होता. नवा अर्ज केला तर त्या इथेच राहणार आणि सांगलीचा फ्लॅट सोडायचा, असं अनीशच्या मनात होतं. तो कधी जेवताना विचारायचा, कधी लिफ्टमध्ये. आई दर वेळी म्हणत, "बघू." त्यांची बॅग पलंगाखाली होती. लागतील तेवढे कपडे त्यातून काढायच्या आणि धुतले की परत त्यातच ठेवायच्या. अधूनमधून फोनवरून सांगलीचा सिलिंडर बुक करत. शेजारच्या मधुवंतीबाई तो उतरवून घेत. कोणी स्वयंपाक करत नसलेल्या घरात सिलिंडर कशाला, असं अनीशने एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, नाहीतर गॅसचा नंबर बंद पडतो.

बॅग रिकामी न होण्याचं मूळ मला माहीत होतं, किंवा आहे असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी हौगांगहून पुंगोलच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आईंनी नव्या घरात दूध उतू घालवायचं ठरवलं. ओट्यावर इंडक्शनची शेगडी. दूध वर यायला लागलं की ती टीऽऽ करून आपोआप बंद व्हायची. अनीशने पुन्हा लावली, पुन्हा बंद. पाहुणे ताटकळलेले. शेवटी त्याने चमच्याने थोडं दूध काठावरून ओघळू दिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रिया इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजी, same thing lah." आई हसल्या. पण टाळी त्यांनी वाजवली नव्हती, ते मी पाहिलं होतं.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत त्यांचे प्रश्न सुरू झाले. तिथे शेणी कुठल्या जनावराच्या? धूर बाहेर कसा जातो? एवढ्या उंचीवर दूध लवकर उतू जातं का? हा प्रश्न मला आवडला. मी सांगितलं, तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे दूध इथल्यापेक्षा बरंच कमी तापलं तरी उकळायला लागतं. आणि शेणीचा जाळ झटकन कमी करता येत नाही.

"म्हणजे लक्ष ठेवून बसायलाच पाहिजे," आई म्हणाल्या. "आपण मुद्दाम घालवतो, त्या जपून बसतात."

पुंगोलला उंचावरून जाणाऱ्या एलआरटीच्या छोट्या गाडीत बसल्यावर त्या खाली पाण्याकडे बघत होत्या. मग विचारलं, "त्या म्हातारीला, तुला यायचंय का, असं कुणी विचारलं होतं का गं? का मला मध्ये डुलकी लागली?"

नाही विचारलं, मी म्हटलं. थेट ट्रकच आला.

"हं. मला तर विचारतात," असं म्हणून त्या पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

संध्याकाळी त्यांनी स्टीमबोटसाठी ठेवलेली छोटी गॅसशेगडी मागितली, टेबलावर पातेलं ठेवून रस्सा उकळत ठेवतो ती. तिच्यावर त्यांनी दुधाचं पातेलं चढवलं. अनीश लॅपटॉप मिटून आला. टेबलावर दूध बघून त्याचा चेहरा उजळला. राहून गेलेलं आज होऊन जाईल, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं. तो पूर्व कुठली ते मोबाइलवर बघून पातेलं जरा सरकवायला लागला. "आता हे दूध नीट उतू जाऊ दे, आई, म्हणजे बॅग रिकामी होईल," तो हसत म्हणाला.

आईंनी त्याला बसायला सांगितलं. श्रियाला जवळ घेऊन ती माळ दाखवली: बघ, आधी कडेला येते.

माळ जुळली. साय मधोमध उचलली गेली. दूध काठाला टेकलं आणि आईंनी बटण फिरवलं. साय सुरकुतली, दूध शांतपणे खाली बसलं. एक थेंबही सांडला नाही.

"आई, अगं..." अनीश म्हणाला.

त्यांनी ओल्या फडक्याने कोरडीच असलेली शेगडी एकदा पुसली. फडक्याची घडी घातली.

"तू दोन वर्षं विचारतोयस आणि मी बघू म्हणतेय, हे काही बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "अनीश, पासचा अर्ज करू नकोस. मी सांगलीला परत जाणार आहे."