शेठचं घुंगरू

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी समजवायला यायला नको. लहान मुलांवर मात्र मी कधी रागावत नाही. त्यांच्यावरचा सगळा राग साठवून ठेवते आणि नणंदेवर काढते. ती बिचारी दिवसभर हाताशीच असते.

आम्ही दोघी नणंद-भावजया मिळून लहान मुलांचं खेळघर चालवतो. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. कडाक्याची थंडी पडली की मुलांना अंगणात नेता येत नाही आणि घरात कोंडलेली मुलं एकमेकांचं डोकं खातात, ते झालं की आमचं. म्हणून त्या दिवसांत आम्ही थंडीच घरात आणतो. खायच्या सोड्यात केसांचं कंडिशनर कालवलं की पांढराशुभ्र, भुसभुशीत, हाताला गार लागणारा खोटा बर्फ होतो. टबात ओतायचा, मुलांच्या बाह्या वर करायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. पायमोज्यात तांदूळ भरून हिमबाहुले करतो. वाडग्यातल्या पाण्यात पानं, संत्र्याची सालं, प्लॅस्टिकचे प्राणी, ज्याला जे आवडेल ते टाकायचं आणि गोठवायला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यावर कोमट पाणी ओतून आतला हत्ती सोडवायचा. हत्ती सुटला की मुलं अशी ओरडतात, जणू स्वतःच जंगलातून सुटून आली आहेत.

आता आमची नळी. टिश्यू पेपरचा रोल संपला की पुठ्ठ्याची नळी उरते ना, ती आम्ही दाराशी खिळ्याला टांगली आहे. कुठलीही नवी वस्तू आधी त्या नळीत टाकायची. आरपार पडली तर ती मुलांच्या घशातही जाऊ शकते, म्हणजे ती बाद. ह्यात कुणाची गय नाही. एकदा एका आजोबांनी हौसेनं गोट्या आणल्या होत्या, मी त्या त्यांच्याच खिशात परत घातल्या.

तर नणंदेनं घुंगरं आणली. म्हणे, "बाहुल्याच्या गळ्यात काहीतरी वाजायला हवं गं."

"वन्सं, नळी," मी म्हटलं.

घुंगरू नळीतून टपकन खाली पडलं. तिनं हार मानली नाही. लोकरीच्या जाड पट्टीवर घुंगरू शिवलं आणि पट्टीसकट पुन्हा नळीत सरकवलं. पट्टी गच्च अडकली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे मोठ्या विजयानं पाहिलं. अहो, पट्टी अडकली होती, घुंगरू नव्हे! घोड्याएवढ्या दोन बायकांनी आपलीच नळी फसवली आणि वर टाळी दिली.

आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याला सगळे शेठ म्हणतात. मांडी घालून, पोटावर हात ठेवून तो असा बसतो की दुकानाचा मालकच वाटावा. शेठ तीन वर्षांचा होत आला आणि अजून एक शब्द बोललेला नाही. कान तपासले, ठीक आहेत. सगळं समजतं त्याला, पण तोंडातून 'आई' नाही, 'नको' नाही. त्याची आई एका ऑफिसात दिवसभर फोनवर बोलायची नोकरी करते. संध्याकाळी न्यायला आली की तिचा एकच प्रश्न असतो. "आज काही बोलला?" आणि मला रोज मान हलवावी लागते. तो क्षण मला फार जड जातो.

आणखी एक. शेठला सगळं चाखून बघायची सवय. खडू चाखलाय, साबण चाखलाय, माझं कोपर चाखलंय.

त्या दिवशी सकाळी बाहुले झाले, मग बर्फाचा टब झाला, संध्याकाळी शेवटी वाडगी भरून झाली. नणंद वाडगी घेऊन मागे फ्रीजरकडे गेली. एकेक आईबाप येऊन आपापलं मूल घेऊन गेले. शेठ तेवढा राहिला, कारण त्याची आई नेहमी शेवटी येते. मी आवराआवर करत होते आणि त्याचा बाहुला उचलला. गळ्यात पट्टी होती, पट्टीला तुटका दोरा लोंबत होता. घुंगरू नव्हतं.



टब उपसला. चटई झटकली. सोड्यात कोपरापर्यंत हात घालून चाळला, कपाट सरकवलं, केराची बादली उपडी केली. नणंद धावत आली, तिनं बाकीचे बाहुले तपासले, सगळ्यांची घुंगरं जागच्या जागी. फक्त शेठचं नाही. आणि शेठ खोकत होता. खोकला सकाळपासूनचाच, सर्दीचा. पण आता त्याची प्रत्येक ढास माझ्या काळजात जात होती. सर्दीचाच ना हा? की घशात काही आहे?

मी त्याच्यासमोर गुडघे टेकले. "शेठ, घुंगरू कुठंय रे राजा? खाल्लंस?"

त्यानं मोठा आ केला. आत जीभ होती, इवले दात होते, बाकी काही नाही. मग त्यानं माझ्या स्वेटरची बाही धरली आणि मला स्वयंपाकघराकडे ओढायला लागला.

"आत्ता बर्फ नाही मिळायचा," मी म्हटलं. "खोकतोयस किती ते बघ." आणि बाही सोडवून घेतली.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, श्वास नीट चालू आहे ना, मग घाबरू नका, पण ताबडतोब घेऊन या, छातीचा फोटो काढून बघू. घाबरू नका! सांगायला काय जातंय? शेठच्या आईला फोन लावला तर लाईन गुंतलेली. पुन्हा लावला, पुन्हा गुंतलेली. जगातल्या सगळ्या माणसांना तिच्याशी आत्ताच बोलायचं होतं वाटतं. मला तर तिला काय सांगायचं तेही सुचत नव्हतं. तुझं मूल बोलत नाही, आणि आता आमच्यामुळे त्याच्या घशात घुंगरू असेल, असं सांगू?

शेठनं पुन्हा माझी बाही धरली, पुन्हा तिकडेच ओढायला लागला. मी पुन्हा सोडवली. "बाळा, आता हट्ट नको रे, आपल्याला भुर्र जायचंय." आणि त्याला बूट घालायला बसले.

एरवी शहाण्यासारखा पाय पुढे करणारा मुलगा, त्या दिवशी त्यानं बूट भिरकावला. जमिनीवर आडवा पडला आणि जे भोकाड पसरलं! कधी रडत नाही तो. माझं डोकं फिरलं. अर्थातच नणंदेवर.

"तुमच्यामुळे झालं हे सगळं! काहीतरी वाजायला हवं म्हणे! आता वाजलेत ना माझे बारा? मी नळी दाखवली होती, तरी शिवायचा सोस!"

खरं तर टाळी मीही दिली होती. पण रागात हिशेब कुठला? माझी नणंद स्वभावानं गरीब गाय. वर्षानुवर्षं माझं ऐकून घेतलं तिनं. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यावर कडाडली.

"गप्प बस! मुलगा कधीचा कुठे ओढतोय, ते तरी बघ आधी!"

मी खरंच गप्प बसले. शेठही रडायचा थांबला. डोळे पुसले, उठला, आणि तिसऱ्यांदा माझी बाही धरली. ह्या वेळी मी गेले. फ्रीजसमोर नेऊन उभं केलं त्यानं मला, आणि वरच्या दारावर तळहात थापटला. नणंदेनं दार उघडलं. त्याला उचलून घेतलं. शेठनं बोट दाखवलं, त्याचं स्वतःचं वाडगं, लाल काठाचं.

वर पापडाएवढा पातळ बर्फ धरला होता. खाली संत्र्याचं साल, एक हिरवं पान आणि त्यांच्या मधोमध घुंगरू. आवडेल ते टाका, असं आम्हीच सांगितलं होतं ना? त्याला तेच आवडलं होतं.

मी अंगठ्यानं बर्फ फोडला आणि घुंगरू बाहेर काढलं. त्याला दोऱ्याचा तुकडा अजून चिकटलेला होता. हलवून पाहिलं, भिजलेल्या आवाजात वाजलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. हसू आवरेना, रडूही आवरेना. नणंद शेठचे मुके घेत सुटली. आणि शेठ? तो माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होता, कारण मी त्याचा बर्फ फोडला होता.

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, छान, आता तुम्ही दोघी पाणी प्या. नणंदेनं कात्री घेतली आणि उरलेल्या बाहुल्यांच्या गळ्यातली घुंगरं काढून टाकली. मी म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं." ती म्हणाली, "लिहून देशील का?" म्हणजे राग गेला होता.

तेवढ्यात शेठची आई आली. लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिला छोट्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. नळी, पट्टी, तुटका दोरा, डॉक्टर. आता ती चिडेल, उद्यापासून पाठवणार नाही म्हणेल, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. चिडली असती तर चूक नव्हतीच तिची.

पण ती म्हणाली, "घुंगरू कुठंय ते... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेठनं," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांगत होता तो. मीच ऐकलं नाही."

"त्यानं सांगितलं?"

"हो गं बाई, सांगितलं. मी ऐकलं नाही म्हणून परत सांगितलं. तरी ऐकेना तेव्हा चांगलं खडसावून सांगितलं."

तिनं अंगातला कोटही काढला नव्हता. ओठ घट्ट मिटले, तरी डोळे भरून आलेच. "कसं सांगितलं?" ती म्हणाली. "मला दाखवा ना. घरी गेल्यावर ह्याच्या बाबांना दाखवायचंय."

मी पुढे झाले आणि तिच्या कोटाची बाही धरणार, तोच मांडी मोडून शेठ उठला. मला कोपरानं बाजूला सारलं, आईची बाही दोन्ही हातांनी पकडली आणि ओढली. ती उठली आणि तो नेईल तिकडे निघाली.