सगळ्यात हळू चालणारा पुढे

“थांबा रे सगळे! मामा कुठे राहिले?”

माझ्या ओरडण्यासरशी बावीस डोकी वळली. बेलापूरच्या टेकडीची निम्मी पायवाट चढून झाली होती. खालच्या वळणावर अभयमामा दगडाला टेकून गुडघा चोळत होते. आम्ही बघतोय म्हटल्यावर घाईघाईने वाकले.

“नाडी सुटली गं, उत्कर्षा. चला तुम्ही.”

“मामा, पायात सँडल आहेत तुमच्या!”

अभयमामा आमच्या कॉलेजच्या लॅबचे शिपाई, मूळचे नगरकडचे. कॉलेजातल्या ख्रिस्ती पोरांना दर ईस्टरला पहाटे टेकडीवर न्यायचं आणि सूर्योदयाला माथ्यावर उपासना करायची, हा त्यांचा एकवीस वर्षांचा परिपाठ. वर डांबरी रस्ता जातो, रिक्षासुद्धा जाते. पण मामांना सांगून बघा! “वर्षभर मोबाइलात डोकं घालता. जरा घाम गाळा, झाडं बघा, मग देवाशी बोला,” म्हणायचे. आणि खरंच सांगते, परीक्षांनी पिळून निघालेली पोरं तिथून हलकी होऊन उतरायची.

मे महिन्यात मामा रिटायर होणार होते. शेवटच्या ईस्टरला सूर्य उगवताना माथ्यावर असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांचा नियम एकच. सगळ्यात हळू चालणारा पुढे, त्याला कुणी ओलांडायचं नाही, आणि शेवटाला स्वतः मामा. गेल्या वर्षी दम्यामुळे पुढे मी होते. बाबा गेल्यापासून चर्च सोडलेलं, मैत्रिणीने ओढून आणलेलं, त्यात ही शोभा! लाजेने अर्धी झाले होते. पण सगळे माझ्या पावलाने चालले, कुणी हूं की चूं केलं नाही. त्या सकाळी कित्येक महिन्यांनी मी प्रार्थना केली.

“मामा, पुढे या,” मी म्हटलं.

“येडी का काय? माझ्यापायी सगळ्यांचा सूर्य चुकंल. मी येतो मागनं.”

आमच्यातला सनी गिटार सावरत कुजबुजला, “यार, त्यांचाच लास्ट टाइम आहे. उचलून नेऊ या का?”

“गप बस! मामा, नियम कुणाचा?”

मामा भडकले. “मला म्हातारा ठरवता व्हय गं?”

“गेल्या वर्षी मला काय ठरवलं होतंत?”

मामा दगड सोडून उभे राहिले. काठी टेकत एकेकाला मागे टाकून पुढे गेले.

माथा दोनशे पावलांवर राहिला आणि खारघरच्या डोंगरामागून सूर्य वर आला. मामा थबकले, माथ्याकडे बघत राहिले. सनी दोन मिनिटांत वर पोहोचला असता, पण तोही जागचा हलला नाही.

मग मामा वळले. इतकी वर्षं शेवटाला चालून त्यांनी पोरांच्या पाठीच पाहिल्या होत्या. आता खालपर्यंत सगळी तोंडं त्यांच्याकडे होती, उन्हाने उजळलेली. ते एकेक चेहरा बघत गेले.

“प्रभू उठला आहे,” मामांनी ईस्टरची नेहमीची हाक दिली.

“खरोखर उठला आहे!” आम्ही जागेवरूनच ओरडलो.

मामांनी सदऱ्याने चष्मा पुसला, तो पुन्हा लावला आणि पहिल्यापासून सगळे चेहरे परत पाहिले.