टिकाऊ बघून द्या

"थांबा, आधी वजन बघू दे," म्हणत दोरीकाकांनी फळीवरची नवी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली, छातीपर्यंत आणली, डोळे मिटून जोखली आणि नाक मुरडून परत ठेवली. "हलकी आहे. कंपनीनं शिसं खाल्लंय."

काउंटरमागे दुकानदाराची बायको होती. एरवी ती आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांकडे बघायची. आज नवरा माल पोचवायला बाहेर गेला म्हणून ती पुढे येऊन बसली होती.

"काका, हल्ली बंद बॅटरी येते. पाणी घालायची कटकटच नाही," ती म्हणाली.

"कटकट कसली आलीय? जिला पाणी पाजता येत नाही, तिची तब्येत कळणार कशी? झाकणाची दाखवा. आणि आमचा ट्रॅक्टर म्हातारा आहे, ताई. चालू झाला की थंडी भरल्यासारखा हलतो. आतल्या प्लेटा जाड पाहिजेत, नाहीतर वर्षभरात भुगा होऊन तळाला बसतात."

दोरीकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. भाड्याने लोकांची शेतं नांगरून देण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्यांनी नांगरलेलं शेत दोरी लावून आखल्यासारखं दिसायचं. या कडेला उभं राहून त्या कडेपर्यंत नजर टाकावी, नांगराचा तास कुठे वाकलेला सापडायचा नाही. माणूस मात्र तसा वाकडा. कोणी नांगरटीच्या वेळी बांधावर येऊन सूचना करू लागला की हे इंजिन बंद करून खाली उतरत आणि म्हणत, "बसा तुम्ही वर. मी बांधावरून शिकवतो." गिऱ्हाइकं चिडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलवायची.

आता कामं थांबली होती. पण शेडमधला तो लाल रंग उडालेला ट्रॅक्टर सकाळी एकदा तरी चालू झाला पाहिजे, असा काकांचा हट्ट होता. शेड सपाटीवर, म्हणजे एकट्याने ढकलून चालू करायचीही सोय नाही. आज सकाळी किल्ली फिरवली तर इंजिनाने हूं की चूं केलं नाही. म्हणून जुनी बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून ते निघाले होते, आणि वाटेत एक विनोद सुचला म्हणून स्वारी खुशीत होती. तो त्यांनी दुकानात योग्य वेळी टाकायला राखून ठेवला होता.

दुसरी बॅटरी त्यांनी जोखली. ही भरली. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"ही बरी वाटते. ताई, टिकाऊ बघून द्या बरं का. म्हणजे कशी, तर उद्या मला पोचवायला निघाले..."

"...तर लोकांना ट्रॅक्टरला धक्का मारायला लागू नये!" बाई म्हणाली आणि खळखळून हसली.

काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"आतून ऐकते ना मी. प्रत्येक वेळी हसू येतं."

"प्रत्येक वेळी म्हणजे?"

बाईचं हसू विरलं. समोरचा म्हातारा थट्टा करत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. काहीतरी करायचं म्हणून तिने त्यांची जुनी बॅटरी पुढे ओढली आणि वरच्या उघड्या टोकांना तपासणीचे चिमटे लावले. काटा सरळ हिरव्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

"काका, ही तर ठणठणीत आहे," ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला कळलं की आपण आणखीनच घोटाळा केला.

"कसं शक्य आहे? सकाळी दिवासुद्धा लागला नाही."

"नाही, म्हणजे... आमचे हे म्हणतात, काकांची बॅटरी आली की पुसून, ग्रीस न काढता परत द्यायची. नवी विकायची नाही. काकींचा तसा निरोप आहे."

"कुठल्या काकींचा?"

"तुमच्याच की."

काकांनी बाईच्या हातून तारेचा ब्रश घेतला आणि बॅटरीच्या खुंटावरचं ग्रीस खरवडायला लागले. शिशाचा तो ठेंगणा खुंट, ज्याच्याभोवती तारेचा चिमटा आवळतात. ग्रीस निघालं आणि त्याखालून एक पातळ पट्टी उलगडून ब्रशला चिकटली. त्यांनी ती अंगठ्याने पुसली. दुधाची पिशवी. निळ्या शाईत छापलेल्या गाईचा एक कान आणि अर्धं शिंग त्या पट्टीवर होतं.

ही गाय त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या घरी धुतलेल्या पिशव्या मोरीवरच्या तारेला वाळत असायच्या.

आणि युक्तीही ओळखीची होती, कारण ती त्यांचीच होती. खुंट झिजला की चिमटा सैल बसतो. मग काका खुंटाभोवती पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळून वरून चिमटा आवळायचे आणि ग्रीस फासायचे. पट्टी धरायला शेजारी बायको उभी असायची. तिने फक्त पत्र्याच्या जागी प्लास्टिक घातलं होतं. पत्र्यातून वीज जाते, प्लास्टिकमधून जात नाही. बाहेरून बघणाऱ्याला चिमटा घट्ट दिसतो, ग्रीस दिसतं, सगळं जागच्या जागी.

काका काउंटरला धरून उभे राहिले. बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि न पिता परत ठेवला.

"मी किती वेळा आलोय इथे?"

बाईने मान खाली घातली.

जुनीच बॅटरी बांधून ते परत निघाले, पण सायकलवर बसायचा धीर झाला नाही. हातात धरून चालवत नेली. चालता चालता त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी बायकोने नेसलेलं पातळ कुठल्या रंगाचं होतं? हिरवं, काठ पिवळे. गिअरबॉक्स फुटला तेव्हा कोण मदतीला आलं होतं? लोहार, आणि त्याने बोट चेचून घेतलं होतं. सगळं आठवत होतं. मग त्यांनी स्वतःला विचारलं, आज सकाळी काय खाल्लं? तिथे काहीच नव्हतं. काल कोण भेटलं? तिथेही काही नाही. आयुष्यात ते कधी इतके घाबरले नव्हते.

काकी दारात धान्य निवडत बसल्या होत्या. काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ती पट्टी त्यांच्या सुपात टाकली.

"हे काय आहे?"

काकींनी पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सूप बाजूला सारलं.

"सापडली होय," त्या म्हणाल्या. "बसा आधी."

"बसायचं नाहीये मला! माझ्याच ट्रॅक्टरला, माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे..."

"अहो, बसा म्हणते ना."

ते बसले.

"तुम्ही शाळेचं मैदान नांगरलंत," काकी म्हणाल्या.

"काय?"

"मागच्या वर्षी. सकाळी निघालात, नांगर जोडून. मला म्हणालात, ओढ्याकडचं शेत करून येतो. मला वाटलं, कुणी बोलावलं असेल. ओढ्याकडे आता शाळा आहे, ती कधीची. फाटक उघडंच होतं. तुम्ही आत शिरलात, नांगर खाली सोडलात आणि सुरू केलंत."

"पोरं... पोरं कुठे होती?"

"मैदानातच. रांगेत उभी होती. त्यांना गंमत वाटली, टाळ्या वाजवायला लागली. चौथीची रांग तुमच्या समोर होती. शिक्षिका धावत आली, तुमच्या बाजूने वर चढली आणि तिने हाताला लागेल ते ओढलं. नशीब, इंजिन बंद करायचं तेच होतं."

आपण ऐकतोय ते कुणा दुसऱ्याबद्दल असावं, असं काकांना मनापासून वाटत होतं. असा माणूस त्यांना भेटला असता तर त्यांनीच त्याच्या कानाखाली काढली असती.

"कुणाला लागलं?"

"कुणालाच नाही. नांगराचे दोन तास पडले होते मैदानात. सरळ आले होते. हेडमास्तरसुद्धा म्हणाले."

हसावं की रडावं, दोघांनाही कळेना. काकांनी तोंडावर हात घेतला.

"मग किल्ली काढून घ्यायचीस."

"घेतली होती. तुम्ही खिळ्याने चालू केलात."

"विकून टाकायचास."

"आणि सकाळी उठून तुम्ही कुठे जाल? मोकळ्या शेडमध्ये उभे राहाल?"

"निदान मला सांगायचंस तरी!"

काकींनी सुपातली पट्टी उचलून बोटाला गुंडाळली.

"सांगितलं की," त्या हलकेच म्हणाल्या. "दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही असेच बसलात, असाच तोंडावर हात घेऊन. हेच विचारलंत, पोरं कुठे होती. आणि दुसऱ्या दिवशी काही नाही. तुम्ही विसरता हो. मला दर वेळी तुमचं हे तोंड बघावं लागतं. मग मी सांगणंच सोडलं."

काका उठले ते दुपार कलल्यावर. तोवर ते नुसते अंगणाकडे बघत बसले होते आणि काकींनी त्यांना हाक मारली नव्हती. उठून त्यांनी बॅटरी सायकलवरून उतरवली, शेडमध्ये नेऊन जागेवर बसवली, खालचं रबर सारखं केलं. खुंट लख्ख घासले. चिमटे आवळले आणि किल्ली फिरवली. म्हातारा ट्रॅक्टर खोकला, धूर सोडला आणि धडधडायला लागला. काकी धावत दाराशी आल्या. काका सीटवर बसून ऐकत होते. गिअरला त्यांनी हात लावला नाही. मनसोक्त ऐकून झाल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आण," ते म्हणाले. "आणि पंक्चरचं सोल्युशन."

"कशाला?"

"तुझी पट्टी चांगली नाही. पांढरी दिसते, घासलं की निघून येते. म्हणून तर सापडली." त्यांचा आवाज नेहमीसारखा खेकसणारा झाला होता, आणि काकींना त्याचंच बरं वाटलं. "ट्यूबचं रबर काळं. ग्रीसमध्ये दिसत नाही."

त्यांनी रबर आतल्या बाजूने घासून पातळ केलं, खुंटाच्या मापाने कापलं. सोल्युशन लावून फुंकर मारली.

"लगेच चिकटवायचं नाही. बोटाला चिकटेनासं झालं की मगच. शिवण मागच्या बाजूला घे, हात जात नाही तिकडे. खालपर्यंत जाऊ दे, चिमट्याची कड शिशाला लागली तर फुकट गेलं. आता तू कर. मी बघतो."

"मी?"

"झिजलं तर परत कोण बसवणार? मी?"

काकींची पट्टी तिरपी बसली. काकांनी ती उपटून काढली.

"परत कर. मला सापडता कामा नये, अशी बसव."

दुसरी बसली. काकांनी नखाने कड चाचपली, मान डोलावली, चिमटा आवळला आणि स्वतःच्या बोटाने ग्रीस फासलं. मग वर चढून किल्ली फिरवली. शेडमध्ये कुठेच आवाज झाला नाही.

"झकास," ते म्हणाले.

सकाळी काकी चहा गाळत होत्या तेव्हा शेडमधून ट्रॅक्टरचा वरचा पत्रा उघडल्याचा आवाज आला. त्या खिडकीशी गेल्या. काका ट्रॅक्टरवर वाकून चिमटे हलवून बघत होते. एक सोडवला, खुंट निरखला, ग्रीसवरून बोट फिरवलं, ते हुंगलं आणि पुसलं. पट्टी त्यांना सापडली नाही. काम चोख झालं होतं.

फडक्याला हात पुसत ते आत आले.

"बॅटरी गेली वाटतं गं. दुकानात जाऊन येतो. एखादी टिकाऊ बघतो."

"जाऊन या," काकी म्हणाल्या आणि कॅरिअरला बांधायची दोरी खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिली.

ते सायकल घेऊन फाटकापर्यंत गेले, थांबले आणि हसत मागे वळले. वाटेतच आज काहीतरी सुचलं होतं.

"ऐक ना. त्याला म्हणणार आहे, बॅटरी अशी दे, की उद्या मला पोचवायला निघाले, तर..."

काकी दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि त्यांचं बोलून झाल्यावर हसल्या.