खोडरबरांची भिंत

सारी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे, निवृत्त झाल्यावरही दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. पण घरात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायकोच्या सामानाच्या यादीवर त्यांनी दोनदा खुणा केल्या, तेव्हा मुलीनं त्यांना इतिहासाच्या एका ऑनलाइन गटात घालून दिलं. "बाबा, तिथं तुमच्यासारखीच माणसं आहेत," असं ती म्हणाली.

तिथली माणसं त्यांच्यासारखी अजिबात नव्हती. कुणाला परसातल्या दगडात राजाचा चेहरा दिसायचा, कुणाला फुटक्या कुंडीवर हरवलेली लिपी सापडायची. हे त्यांना दोन आठवडे सहन झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका भुयाराला सभ्य शब्दांत गटार ठरवलं, आणि मग ते थांबलेच नाहीत. वर्षभरात गटात त्यांचं नाव पडलं, खोडरबर. प्रत्यक्षात माणूस इतका भिडस्त, की लिफ्टमध्ये कुणी चुकीचं बटण दाबलं तर त्याच मजल्यावर मुकाट उतरायचे आणि जिन्यानं घरी यायचे. फोनवर मात्र त्यांनी भल्याभल्यांचे किल्ले जमीनदोस्त केले होते.

गटाचे नियमही त्यांनीच लिहिले. फोटोत वस्तूशेजारी मोजपट्टी हवी. वस्तू जागेवरून हलवलेली नसावी. "मला आतून वाटतं" हा पुरावा नाही. आणि शेवटचा नियम बाईंबद्दल होता. बाई म्हणजे आयुष्यभर उत्खननं केलेल्या, गटातल्या एकमेव खऱ्याखुऱ्या पुरातत्त्वज्ञ. त्यांना कुणी परस्पर फोन करायचा नाही. दावा आधी गटानं चाळून घ्यायचा, सगळ्यांचं एकमत झालं तरच बाईंना हाक मारायची. इतक्या वर्षांत एकमत एकदाही झालं नव्हतं, त्यामुळे बाईंचं म्हातारपण निवांत चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी इमारतीच्या मागं नव्या पाण्याच्या टाकीच्या पायासाठी खड्डा खणून तयार होता. धूळ घरात येते असं मुकादमाला सांगायला बायकोनं त्यांना खाली पाठवलं. मुकादमाला काही सांगायचं धाडस होईना, म्हणून ते खड्ड्यात बघत उभे राहिले, आणि त्यांना भिंत दिसली.

खड्ड्याच्या एका बाजूला, मातीत अर्धवट उघडी पडलेली. रुंद, चपट्या विटा, आजकालच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट. सिमेंट नाही, चुना नाही, नुसत्या मातीत बसवलेल्या. खाली राखेचा काळा पट्टा, आणि त्या पट्ट्यात एका मडक्याचा काठ.

खोडरबरांच्या मनात आलं, गटार असणार. सवयीनं त्यांनी गटाराची लक्षणं शोधायला घेतली. उतार नव्हता. समोरची दुसरी भिंत नव्हती. गाळ नव्हता. दुसऱ्यांच्या भिंतींना विचारलेले सगळे प्रश्न त्यांनी या भिंतीला विचारले, आणि ती एकेका प्रश्नातून पास होत गेली.

"काका, मागं व्हा," मुकादम म्हणाला. "जेवणानंतर काँक्रीटची गाडी येतेय."

"ही भिंत... जुनी वाटते."

"जुनी असेल. आता नवी होईल."

"थोडं थांबता येईल का?"

"गाडी आली की थांबत नाही, काका. माल घट्ट होतो. तुम्ही सेक्रेटरींना सांगा, ते म्हणाले तर आज गाडीच मागवत नाही."

इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. दारातच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भिंत जुनी आहे हे कोण म्हणतं?"

"मी."

"तुम्ही?" सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "माझ्या आजोबांची तलवार मी त्या तुमच्या गटात टाकली होती. तुम्ही तिला पडद्याचा दांडा म्हणालात."

"तिला दोन्ही टोकांना स्क्रूची भोकं होती."

"घरातले लोक अजून मला हसतात. ते असो. तुमच्या त्या बाई येऊन म्हणाल्या, की जुनी आहे, तर मी काम थांबवतो. माणूस शब्दाचा आहे मी. पण गाडी यायच्या आत."

म्हणजे गोष्ट साधी होती. बाईंना दुपारच्या आत खड्ड्यापाशी आणायचं. बाई याच शहरात राहायच्या, आणि त्यांचा नंबर फोनमध्ये होता.

"मग करा ना फोन," बायको म्हणाली.

"असा कसा करू? गटाचा नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच."

"मग मोडा."

"अगं, मीच मोडला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? आणि समजा बाई आल्या, आणि ते गटार निघालं तर?"

"अहो, तुम्हाला दिसलं ना डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून त्यांनी पोस्ट लिहायला घेतली. जन्मात पहिल्यांदा ते स्वतः दावा करत होते. चार ओळींत त्यांनी "कदाचित" सहा वेळा लिहिलं, त्यातले तीन खोडले, आणि फोटो जोडून पोस्ट टाकली.

पहिलं उत्तर आलं ते प्रत्येक टेकडीत पिरॅमिड पाहणाऱ्या सदस्याचं. त्यांना सगळे पिरॅमिडच म्हणत. खोडरबरांनी त्यांच्या अकरा टेकड्या आजवर सपाट केल्या होत्या.

"गटार," पिरॅमिडनी लिहिलं.

पाठोपाठ कर्नल आले. हे कधी सैन्यात नव्हते, पण नियमावर बोट ठेवायची हौस दांडगी. "मोजपट्टी कुठे आहे?"

मोजपट्टी राहिली होती. खोडरबर जिन्यानं धावत खाली गेले, मुकादमाकडून टेप मागून घेतली, एका हातानं ती विटेला लावली, दुसऱ्या हातानं फोटो काढला, आणि धापा टाकत वर आले.

"टेपचे आकडे अंगठ्याखाली आहेत," कर्नल म्हणाले. "अंगठ्याचं वय सांगता येईल, भिंतीचं नाही."

"अंगठा मात्र नक्की प्राचीन," आणखी कुणीतरी लिहिलं.

"साक्षीदार?" कर्नलांनी पुढं विचारलं.

"माझी पत्नी. खिडकीतून दिसतं."

"घरचा साक्षीदार धरत नाही. तुम्हीच माझ्या मेव्हण्याला उडवून लावलं होतं."

बायको खांद्यावरून वाचत होती. "मी घरची म्हणून मला कमी दिसतं का? विचारा त्यांना."

"तू जरा थांब गं."

मग पिरॅमिडनी लिहिलं, "मला एक वेगळीच शंका येते आहे. आपले खोडरबर असा दावा करतील? त्यांना समोर पिरॅमिड बांधून दाखवला तरी ते म्हणतील, वाळू पडली असेल. यांचं खातं कुणीतरी हॅक केलेलं आहे."

सगळ्यांना एकाच वेळी ते पटलं. इतक्या वर्षांत गटात पहिल्यांदा एकमत झालं. कुणी म्हणालं, भाषा त्यांची वाटत नाही. कुणी म्हणालं, ते तीनदा "कदाचित" लिहिणारे नव्हेत. कर्नलांनी सूचना काढली, की अनोळखी इसमानं पाठवलेल्या भिंतीवर कुणी क्लिक करू नये.

"मी मीच आहे," खोडरबरांनी लिहिलं.

"हॅकर हेच म्हणणार," कर्नल म्हणाले. "सिद्ध करा. हा पाहा फोटो. यावर मत द्या. खरे असाल तर लगेच कळेल."

फोटो पिरॅमिडच्या नव्या टेकडीचा होता. खाली लिहिलं होतं, 'पायऱ्या स्पष्ट दिसतात. मानवनिर्मित. किमान दहा हजार वर्षं.'

खोडरबरांनी फोटो मोठा करून पाहिला. खरं तर एक ओळ पुरली असती. पण पायऱ्यांवर त्यांना गुरांच्या पायवाटा दिसल्या, मग एका कोपऱ्यात विजेचा खांब दिसला, मग सावल्यांवरून लक्षात आलं, की फोटो मुद्दाम संध्याकाळी काढलाय, पायऱ्या खोल दिसाव्यात म्हणून. सकाळपासून चोर असल्यासारखं वाटत होतं, ते सगळं अंगावरून उतरलं. पाठ ताठ झाली. त्यांनी पहिला परिच्छेद पायवाटांना दिला, दुसरा सावल्यांना.

"अहो, खाली गाडी आली," बायको म्हणाली.

"एक वाक्य."

"गाडी आलीय म्हणते मी. काँक्रीटची."

"हे संपलं की मी खरा ठरतो, मग बाई येतात. सगळं ओळीनं होतंय."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, कापडी पिशवी घेतली आणि खाली निघून गेली. तिसऱ्या परिच्छेदाला बाहेर मोठा घरघराट सुरू झाला. खांबाबद्दलचं वाक्य नीट जमेना. खोडरबर उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली, आणि शांतपणे लेखन पूर्ण केलं. दोनदा वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. पाठवलं.

गटानं ते वाचलं.

"हेच ते," कर्नल म्हणाले. "दुसरा कुणी इतकं झोंबणारं लिहू शकत नाही."

"माझी टेकडी गेली," पिरॅमिड म्हणाले, "पण माणूस खरा आहे. आणि हा माणूस जुनी म्हणतो, तर भिंत जुनी असणारच. माझं मत होकारार्थी."

भराभर होकार आले. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलं होतं, त्यांनी एकसुरात बाईंना हाक मारली. बाईंचं उत्तर लगेच आलं. "पत्ता पाठवा. निघते."

खोडरबरांना डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. त्यांनी पत्ता पाठवला आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडली.

खाली खड्डा नव्हता. करडी, ओली, गुळगुळीत लादी होती, आणि मुकादम तिच्यावर पाणी शिंपडत होता. घरघराट कधी थांबला हेही त्यांना कळलं नव्हतं.

बायको वर आली तेव्हा ते अजून खिडकीतच उभे होते. तिनं पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत एक वीट होती.

"थांबा म्हणाले त्याला, तर म्हणतो गाडी थांबत नाही. मग म्हटलं, निदान एक तरी काढून दे."

"जागेवरून हलवलीस?"

"नाही, तिथंच ठेवायला हवी होती. म्हणजे आता बघायला मिळाली असती तुम्हाला."

बाई आल्या, त्या काठी टेकत, पायांत चिखलात चालायचे बूट घालूनच. ओल्या काँक्रीटपाशी त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग वर आल्या. वीट त्यांनी उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, वजन पाहिलं.

"जुनी आहे," त्या म्हणाल्या. "चांगलीच जुनी. पण भिंत किती लांब होती, राख तिच्या आधीची की नंतरची, हे एकट्या विटेला विचारून कळत नाही. फोटो?"

"दोन. एकात मोजपट्टी नाही. दुसऱ्यात माझा अंगठा आहे."

"हं."

"ते काँक्रीट काढता येत नाही का?" बायकोनं विचारलं.

"येतं की. तुमची टाकी जुनी झाली म्हणजे." बाईंनी वीट खाली ठेवली. "तोवर आत सुखरूप राहील. आम्हीही खणून झालं की परत झाकूनच टाकतो. फक्त आधी बघतो." बायकोनं दिलेला चहा त्यांनी घेतला. मग खोडरबरांकडे वळून त्यांनी विचारलं, "सकाळीच मला फोन का नाही केलात?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून... नियम आहे ना गटाचा."

"मला कुणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी इतकी वर्षं घरी बसून वाट बघते, की कुणीतरी बोलवेल. मला वाटायचं, या शहरात काही निघतच नाही."

बायको कपात चहा ओतत राहिली. कप भरला होता, तरी ओतत राहिली.

बाईंना खालपर्यंत सोडून ते परत आले आणि टेबलापाशी बसले. गटात सगळे वाट पाहत होते. बाई काय म्हणाल्या? किती जुनी? कर्नलांनी अभिनंदनाचा मजकूर तयार ठेवला होता. खोडरबरांनी एक लांबलचक खुलासा लिहिला, तो पुसला. "बहुधा"नं सुरुवात केली, तीही पुसली. आधी गटाचे नियम उघडून शेवटचा, बाईंबद्दलचा नियम त्यांनी काढून टाकला, आणि तिथं बाईंचा नंबर लिहिला, कधीही फोन करावा अशा सूचनेसह. मग तीन वाक्यं लिहिली.

"आमच्या इमारतीमागे एक जुनी भिंत होती. ती मी आणि माझ्या बायकोनं पाहिली. दाखवण्यासारखी आता एक वीट आहे, तीही हलवलेली."

पहिल्यांदा पिरॅमिडनी लिहिलं, "वाईट वाटलं. खरंच."

त्यानंतर कर्नल आले. "खोडरबर, गैरसमज नसावा. बाकीचे नियम अजून तुमचेच आहेत, आणि त्यांच्याप्रमाणे पुराव्याविना केलेली पोस्ट काढावी लागते. काढू का?"

खोडरबर आपल्या तीन वाक्यांकडे पाहत राहिले. त्यांत चूक अशी एकही नव्हती.

"काढायची तर आहेच," त्यांनी लिहिलं. "पण आजचा दिवस राहू द्या."