शेवटच्या प्रसंगाचं पान

दोघा भावंडांनी बनवलेला कॉम्प्युटर गेम पाच वाजेपर्यंत तो विकणाऱ्या कंपनीकडे जायला हवा होता, आणि पावणेचारला ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दीपगृहवाल्याची मुलगी पुस्तकात नव्हतीच.

कंपनीचा नियम साधा होता. गोष्ट कॉपीराइटचा हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकातली हवी आणि प्रत्येक प्रसंगापुढे मूळ पुस्तकाचं पान लिहायचं. एकदा परत पाठवलेला गेम ते पुन्हा घेत नसत. वादळात सापडलेल्या जहाजाची ही गोष्ट आईने शंभरदा वाचून दाखवलेली: शेवटी दीपगृहवाल्याची मुलगी दिवा पेटवते आणि जहाज वाचतं. तोंडपाठ गोष्टीचं पुस्तक कशाला उघडायचं, असा ताईबाईंचा तोरा. आज पानं भरायला ग्रंथालयातली प्रत उघडली, तर शेवटी जहाज खडकावर आपटून सगळेच बुडाले. ना मुलगी, ना तिने पेटवलेला दिवा. आणि गेममधली अकराच्या अकरा कोडी त्या दिव्यापाशी जाऊन सुटत होती.

"दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून आली असेल," धाकटा भाऊ म्हणाला. गेमचं सगळं प्रोग्रामिंग त्याचं. "त्याचा हक्क चालू असला तर आपण मेलो, ताई."

दोघांनी नोकऱ्या सोडून आठ महिने यात घातले होते. ताईला रडायलाही वेळ नव्हता. ती आईच्या खोलीत धावली.

"आई, आपलं जहाजाचं पुस्तक कुठेय?"

कपाटाच्या तळातून निघालेल्या पुस्तकाला शेवटची तीस पानं नव्हती.

"आधीपासूनच नव्हती," आई उशीला अभ्रा घालत म्हणाली. "रद्दीतून आणलेलं. मधेच थांबले की तू घर डोक्यावर घ्यायचीस. मग बसवली एक पोरगी दिव्यापाशी. तुझ्यासारखीच, आगाऊ."

ताईने धावत जाऊन फॉर्म आणला. पानाच्या रकान्यात 'मूळ पुस्तकात नाही' लिहिलं, लेखकाच्या रकान्यात आईचं नाव. कंपनी हे चालवून घेईल की नाही, देव जाणे.

आईने चष्मा लावून सावकाश सही केली.

"तुझ्याकडे अख्खं पुस्तक आलंय ना? खरं शेवटी काय होतं गं? इतकी वर्षं मनात राहून गेलंय."

धाकटा दारात उभा होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मुलगी नाहीये त्यात," ती म्हणाली. "पण सगळे सुखरूप किनाऱ्याला लागतात."

"बघ," आई म्हणाली. "म्हणजे मी काही फार चुकीचं सांगितलं नव्हतं."