शिवाच्या वाटणीचं

शहात्तर. अकरावा सोमवार, आणि काटा पुन्हा शहात्तरवर. मी उतरले, चप्पल काढलेली आहे ना बघितलं, पुन्हा चढले. मेल्याला काही लाज? शहात्तर.

मी मुळात चौऱ्याऐंशीची. दिवाळीनंतर चालायला लागले, भात सोडला, चहातली साखर सोडली आणि फेब्रुवारी संपेपर्यंत आठ किलो उतरवले. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शर्टांचे धागे कापायचं काम करते मी. तिथल्या बायका विचारायच्या, जानकी, काय खातेस गं? आणि मग मार्चपासून जे अडलं ते अडलंच.

बारीक दिसायची हौस म्हणाल, तर सेहेचाळिसाव्या वर्षी ती कोणाला असते? माझा धाकटा भाऊ शिवदास, त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार बोरिवलीला डायलिसिस. आईला डायबेटिस, म्हणून ती बाद. त्याची बायको सपना, तिचा रक्तगट जुळेना. जुळले ती मी. डॉक्टर म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण बहात्तरच्या खाली या. त्याशिवाय मी तुमचं ऑपरेशन करणार नाही." म्हणजे चार किलो. चार किलोंवर माझा भाऊ लटकलाय.

सल्ले द्यायला मात्र अख्खी बिल्डिंग तयार. कोण म्हणे ओव्याचं पाणी, कोण म्हणे रात्री नुसती पपई. आमचे हे म्हणाले, "तुझी हाडंच जड आहेत." म्हटलं, उद्या डॉक्टरला सांगते, हाडं काढून घ्या. सेक्टरच्या गार्डनमध्ये पहाटे सात फेऱ्या मारायचे, त्या मी नऊ केल्या. गुडघे बोंबलायला लागले. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, बस झालं. कोणीतरी येऊन सांगावं, जानकी, राहू दे आता. तसं सांगणारं कोणी नव्हतं. सपना रोज फोन करायची. "वजन" हा शब्द बिचारी काढायची नाही, नुसतं "बऱ्या आहात ना ताई?" म्हणायची, आणि मला ते जास्त लागायचं.

हॉस्पिटलात श्रुतिका मॅडम आहेत, आहार सांगणाऱ्या. शिवाचं खाणंही त्याच बघतात. त्या सोमवारी कारखान्यात अर्धी सुट्टी टाकून मी त्यांच्यासमोर वही आपटली.

"यातलं एक अक्षर खोटं नाही मॅडम. दोन भाकऱ्या, पालेभाजी, ताक. आता माती खाऊ?"

त्या हसल्या नाहीत. "ताई, वजन असं मधेच थांबतं. सगळ्यांचं थांबतं. पण अकरा आठवडे म्हणजे जरा जास्तच झालं." मग वहीवरून बोट फिरवत गेल्या. "मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी काहीच नाही?"

"भावाला आणायला जाते ना तेव्हा."

"आणि तिथे काही खात नाही?"

"खाते. पण ते माझं नसतं," मी म्हटलं. "ते शिवाच्या वाटणीचं."

"म्हणजे?" त्यांनी विचारलं. मग मला सगळं सांगावं लागलं. शिवाला पाणी मोजून, मीठ नाही, बटाटा नाही, शहाळं तर विषच. आणि माणूस कसला, तर एक नंबरचा खादाड! चार तास मशीनला बांधलेला असतो, सुटला की चेहरा पार उतरलेला. हॉस्पिटलच्या बाहेर वडेवाल्याची गाडी आहे, शेजारी शहाळेवाला. रिक्षा बघायच्या आधी तो तिथल्या बाकड्यावर बसतो आणि दोन वडे मागवतो. माझ्यासाठी. "खा गो ताय. मी बघतंय." मी खायचं आणि त्याने विचारायचं, चटणी तिखट आहे काय, आतून गरम आहे काय. मग शहाळं. मलई जाड आहे की पातळ, तेही सांगायचं. एकदा मला म्हणाला, "मी जितो आसतानाच तू माझो कावळो झालंस." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो किती दिवसांनी खदखदून हसला. आता अशा माणसाला नाही कसं म्हणणार? त्याच्या समाधानासाठी चार घास खाल्ले, ते काय वहीत लिहायचे?

"कधीपासून चाललंय हे?"

"मार्चपासून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ताई, मार्चमध्ये तुम्ही रक्त द्यायला खाली गेला होतात ना, तेव्हा मी शिवदासभाऊंना इथेच बसवून सांगितलं होतं. तुमच्या बहिणीला बाहेरचं तळलेलं काही खाऊ देऊ नका, तिच्या वजनावर तुमचं ऑपरेशन आहे. त्यांनी दोनदा मान हलवली होती."

मी आठवून बघितलं. पहिला वडा त्याच आठवड्यातला.

घरी आले ती नुसती बसून राहिले. डोकं सणकलं होतं. अकरा आठवडे मी स्वतःला शिव्या घातल्या, गुडघ्यांची वाट लावली, आणि हा शहाणा समोर बसून मला खिलवतोय! मंगळवारी मुद्दाम सपनाला पाठवलं. गुरुवारीही तिलाच. शनिवारी मी गेले.

शिवा पायऱ्या उतरून आला. सुया काढलेल्या हातावर पट्टी, ओठ सुकलेले. बाकड्यावर बसला आणि वडेवाल्याला दोन बोटं दाखवली. प्लेट आली. मी हात लावला नाही.

"थंड होतले गो."

"श्रुतिका मॅडमनी तुला मार्चमध्ये काय सांगितलं होतं?"

शहाळेवाल्याचा कोयता चालला होता, शिवा त्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "सांगल्यानी होता."

"आणि तरी?"

"तुका कापतले, ताय." त्याने नजर खाली घातली. "तुझी मनाली अजून बारावीत आसा. तुका काय झाला तर मी तिका कसो तोंड दाखवू? आणि तुझी किडनी घेतलंय आणि ती पण फुकट गेली तर? तुका नको म्हणूक जमत नाय माका. म्हणान म्हटला, काटोच हलाक नको."

मी भांडायची पूर्ण तयारी करून आले होते. पाच दिवस शब्द घोळवले होते, मेल्या, गुलामा, सगळे. पण त्याच्याकडे बघून एकही बाहेर पडेना. जे बाहेर पडलं ते मी कोणाला, अगदी ह्यांनाही, सांगितलं नव्हतं.

"शिवा, काटा हलला नाही ना, की मला बरं वाटायचं."

त्याने मान वर केली.

"दर सोमवारी चढायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायचे. लोकांना वाटेल, वजन उतरू दे म्हणून. मी म्हणायचे, आज नको. अजून एक आठवडा जाऊ दे. मला पण भीती वाटते रे. भूल देतील आणि मी उठलेच नाही तर? तू वडा पुढे केलास ना, की मला ठाऊक असायचं मी काय करतेय. तुझ्या नावावर खात होते, एवढंच."

एक बाई पोराला घेऊन बाकड्याच्या टोकाला बसली आणि उठून गेली.

"मग सोड ना गो," तो हळूच म्हणाला. "सरकारी यादीत नाव आसा माझा. येतली किडनी कधीतरी."

"कधीतरी म्हणजे किती वर्षांनी? तोवर टिकशील?" मी प्लेट त्याच्या बाजूला सरकवली नाही, मधेच राहू दिली. "हे बघ, मी थकले. मला आता कोणी शाबासकी द्यायला नको आणि सल्ला तर मुळीच नको. मला फक्त एक सांग. माझी भीती सोड, मनाली सोड, फुकट जाईल ते सोड. तुला जगायचं आहे काय? नसेल तर मी हे दोन्ही वडे आता खाते आणि आपण घरी जाऊ, पुन्हा हा विषय नाही. असेल तर ही प्लेट माझ्या समोरून उचल."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वड्यांकडे बघत राहिला. लहानपणी आईने मार दिला की तो असाच खालचा ओठ आत ओढून बसायचा. मला वाटलं, हा उचलत नाही. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, नाहीच उचलली तर बरं.

मग पट्टी बांधलेला हात पुढे आला. त्याने प्लेट उचलली, उभा राहिला, वडेवाल्याच्या गाडीपर्यंत कसाबसा गेला आणि ती त्याच्या फळीवर ठेवली. परत आला तेव्हा रडत होता, भर रस्त्यात, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या.

"जगूचा आसा गो ताय," तो म्हणाला. "माका लय जगूचा आसा."

मी त्याचा हात धरला आणि रिक्षाला हात केला. वड्यांचा वास अजून येत होता. मला एवढी भूक लागली होती की मलाही रडू आलं.